सर्वसाधारण आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया: नाशिकमधील रुग्ण वारंवार विचारतात ते प्रश्न

बाह्यरुग्ण विभागात समोर बसलेला माणूस निफाडचा द्राक्ष बागायतदार असो, अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करणारा कामगार असो किंवा पंचवटीतली गृहिणी असो, सोनोग्राफीचा कागद टेबलावर ठेवून तो दोनच गोष्टी विचारतो. ऑपरेशन करावेच लागेल का, आणि आत्ता नाही केले तर चालेल का? पुढील उत्तरे मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाभोवती लिहिली आहेत, कारण काही आजार वर्षभर थांबू शकतात आणि काही एक रात्रही थांबू शकत नाहीत, आणि हा फरक रुग्णाला आधीच माहीत असणे फार उपयोगाचे असते.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय करतात?

संपूर्ण भूल दिल्यावर बेंबीजवळ साधारण १० मिलिमीटरचा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरला जातो. त्याचा दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर इतकाच ठेवतात. त्यामुळे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. मग कॅमेरा आत सोडून, ५ मिलिमीटरच्या आणखी दोन-तीन छेदांतून लांब, बारीक हत्यारे घालून पडद्यावर पाहत शस्त्रक्रिया केली जाते. आतली शस्त्रक्रिया पूर्वीचीच असते. कमी होते ती पोटाच्या भिंतीवरची जखम, आणि वेदना, जखमेतला संसर्ग व रुग्णालयातला मुक्काम हे सारे मुख्यतः त्या जखमेवरच अवलंबून असते. लोक याला ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ म्हणतात ते मात्र बरोबर नाही. टाके असतात, फक्त ते थोडे असतात आणि पुष्कळदा आपोआप विरघळणारे असतात.

हा काही नवा प्रयोग आहे अशी शंका ज्येष्ठ मंडळी अजूनही काढतात. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये केली आणि भारतात ती डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुरू केली. आज नाशिक शहरातच नव्हे तर तालुक्यांच्या अनेक गावांतही ती नित्याची झाली आहे.

पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, पण त्रास काहीच नाही. ऑपरेशन करावे का?

बहुतेक वेळा नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि पोटात कधीच दुखले नसेल, तर नुसते लक्ष ठेवणे योग्य असते, कारण अशा लोकांपैकी दर वर्षी शेकडा एक-दोघांनाच पुढे त्रास सुरू होतो. याला थोडे अपवाद आहेत. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल, पित्ताशयाच्या भिंतीत चुना साठला असेल किंवा आत एक सेंटिमीटरहून मोठा मांसल कोंब (पॉलिप) असेल, तर कर्करोगाच्या शक्यतेमुळे पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला जातो.

त्रास होत असेल तेव्हा गोष्ट वेगळी. उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध कळ येते, ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, अर्धा तास ते काही तास टिकते आणि बहुधा तेलकट जेवणानंतर, पुष्कळदा रात्री येते. नाशिकमध्ये रविवारी सकाळी तर्रीदार मिसळ खाल्ल्यावर संध्याकाळी पोट धरून आलेला रुग्ण ‘पित्त झाले’ असे सांगतो, आणि महिनोन्महिने त्याने आम्लपित्ताच्या गोळ्या घेतलेल्या असतात. आम्लपित्त जठरातले आणि हा त्रास पित्ताशयातला. मराठीत दोहोंना ‘पित्त’च म्हणत असल्यामुळे हा घोटाळा होतो आणि निदानाला उगाच उशीर होतो. अशी कळ एकदा येऊन गेली की ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून सोयीची वेळ ठरवून शस्त्रक्रिया करून घेणे शहाणपणाचे. कळ थांबतच नसेल आणि सोबत ताप असेल, तर पित्ताशयाला सूज आली आहे असे समजावे. अशा वेळी ‘सूज उतरू द्या, दीड महिन्याने बघू’ हा जुना शिरस्ता आता मागे पडला असून शक्य असल्यास त्याच मुक्कामात, पहिल्या काही दिवसांतच पित्ताशय काढणे अधिक चांगले मानले जाते.

मुतखडा औषधाने पडतो, मग पित्ताचा खडा का पडत नाही?

कारण दोघांची वाट वेगळी आहे. मुतखडा मूत्रवाहिनीतून मूत्राशयात आणि तिथून बाहेर जाऊ शकतो. पित्ताचा खडा निसटला तर तो पित्तनलिकेत अडकतो. तिथे अडकला की कावीळ, थंडी वाजून ताप किंवा स्वादुपिंडाची सूज उद्भवते, आणि ही तिन्ही खड्याच्या मूळ कळेपेक्षा कितीतरी गंभीर आहेत. त्यामुळे ‘खडा पाडून देतो’ असे कोणी सांगितल्यास, तो नेमका कुठे पाडणार, हा प्रश्न अवश्य विचारावा. खडा विरघळवण्याची एक गोळी आहे, पण ती कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवरच आणि तीही अनेक महिने घेतल्यावर काम करते, आणि थांबवल्यावर खडे पुन्हा होण्याचे प्रमाण मोठे आहे.

याच कारणाने फक्त खडे काढून पिशवी ठेवत नाहीत. खडे पिशवीतच तयार होतात, आणि पिशवी ठेवली तर खडे पुन्हा होतात. शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांना काचेच्या छोट्या बाटलीत खडे दाखवतात, त्यात कधी हरभऱ्याच्या डाळीएवढे पिवळे, कधी मिऱ्याएवढे काळे शंभर-दीडशे खडे असतात, तर कधी सुपारीएवढा एकच. ज्यांना मोठा खडा दाखवला जातो ते अधिक घाबरतात. प्रत्यक्षात बारीक खडेच नलिकेत सहज निसटतात. बाटली घरी न्यायला हरकत नाही, पण काढलेले पित्ताशय मात्र तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेले आहे ना, हे विचारून घ्यावे आणि तो अहवाल जपून ठेवावा.

पित्ताशय काढल्यावर पचनाचे काय?

पित्त यकृतात तयार होते, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय त्यातले जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर साठवून ठेवते. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात झिरपत राहते आणि पचन चालू राहते. काहींना पहिले काही आठवडे जेवणानंतर शौचाला पातळ होते. आयुष्यभर तेल-तूप वर्ज्य करण्याची गरज नसते.

नलिकेतही खडा आहे म्हणतात. मग दोन ऑपरेशने का?

आधी तोंडावाटे दुर्बीण घालून, पोटावर छेद न घेता, नलिकेतला खडा काढतात आणि मग वेगळ्या दिवशी किंवा त्याच मुक्कामात पित्ताशय काढतात. पहिली पायरी झाल्यावर कावीळ उतरते, बरे वाटते आणि अनेक जण दुसरी पायरी टाळतात. असे करू नये, कारण खड्यांचा कारखाना चालूच असतो.

हर्निया म्हणजे आतडे उतरणे. पट्टा बांधून चालेल का?

पट्ट्याने हर्निया बरा होत नाही. फार तर तो आत धरून ठेवला जातो. पोटाच्या भिंतीत पडलेल्या छिद्रातून आतडे किंवा आतली चरबी बाहेर येते आणि ते छिद्र कोणत्याही औषधाने, व्यायामाने वा लेपाने बुजत नाही. तरीही सगळ्या हर्नियांना घाई नसते. जांघेतला लहान, न दुखणारा, आडवे झाल्यावर आपोआप आत जाणारा हर्निया असलेल्या पुरुषाने डॉक्टरांच्या नजरेखाली काही काळ थांबणे मान्य आहे, जरी त्यातल्या बहुतेकांना वाढत्या त्रासामुळे काही वर्षांत शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागते. स्त्रियांच्या जांघेतल्या हर्नियाबाबत मात्र थांबू नये, कारण त्यात आतडे अडकण्याचा धोका अधिक असतो. तान्ह्या मुलांच्या जांघेतला हर्नियाही लवकर करून घ्यावा, आणि त्यांना छिद्रावर बसवायची जाळी लागत नाही. बाळाच्या बेंबीचा फुगवटा बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजतो. त्यावर नाणे ठेवून फडके बांधण्याची रीत आपल्याकडे अजूनही दिसते, तिने फायदा होत नाही आणि कातडी मात्र ओली होऊन चिघळते.

आता जे एक रात्रही थांबत नाही ते. नेहमी आत जाणारा फुगवटा एकाएकी आत जाईनासा झाला, कडक झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या आणि वायू सरेनासा झाला, तर आतडे अडकले आहे. तो दाबून आत ढकलण्याचा खटाटोप घरी करू नये, सकाळची वाट पाहू नये. काही तासांत त्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो आणि मग साध्या हर्नियाऐवजी आतडे कापून जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

जाळी शरीरात कायम राहते. तिचा त्रास होत नाही का?

प्रौढांच्या हर्नियात जाळी बसवल्याने तो पुन्हा होण्याचे प्रमाण बरेच घटते, म्हणून ती वापरतात. ती बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची असते आणि काही आठवड्यांत शरीराच्या पेशी तिच्या छिद्रांतून वाढून ती भिंतीचाच भाग होते. जाळीला संसर्ग होणे किंवा जांघेत दीर्घकाळ दुखत राहणे हे होऊ शकते, पण ते थोड्यांना. दुर्बिणीने करावे की उघड्या पद्धतीने, यावर माझे मत असे की दोन्ही बाजूंचा किंवा पूर्वी करून पुन्हा झालेला हर्निया दुर्बिणीने करावा. एका बाजूचा असेल आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर जागा बधिर करून किंवा कमरेत भूल देऊन केलेली उघडी शस्त्रक्रिया तितकीच चांगली आणि अधिक सुरक्षित ठरते.

वजन कधी उचलायचे, हा बागायतदारांचा खरा प्रश्न असतो. चालणे त्याच दिवशी, हलकी कामे आठ-दहा दिवसांत. पण द्राक्षांचा भरलेला क्रेट किंवा कांद्याची गोणी साधारण सहा आठवडे उचलू नये.

अपेंडिक्स औषधाने बरे होत नाही का?

काहींचे होते. सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅनमध्ये साधी सूज दिसली, ते फुटलेले नसले आणि त्यात विष्ठेचा खडा नसला, तर प्रतिजैविकांवर सूज उतरू शकते. मात्र अमेरिकेत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात औषध घेतलेल्यांपैकी दर दहांतल्या सुमारे तिघांना नव्वद दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली. जो माणूस सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावर राहतो, ज्याला रात्री गाडी मिळण्याची खात्री नाही, त्याने हा धोका पत्करू नये असे मला वाटते. गंगापूर रोडवर राहणाऱ्याचा हिशेब थोडा वेगळा असू शकतो.

लक्षणे ओळखण्यासारखी असतात. दुखणे आधी बेंबीभोवती सुरू होते, काही तासांनी उजवीकडे खाली सरकते, भूक मरते, मळमळते, खोकले तरी तिथे कळ जाते. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाबाचे औषध घेऊ नये, शेकू नये. दुखणे एकाएकी थांबले म्हणून समाधान मानू नये. कधीकधी ते अपेंडिक्स फुटल्याचे लक्षण असते आणि त्यानंतर सबंध पोट दुखू लागते.

शौचाच्या जागी त्रास आहे. मूळव्याधच असेल ना?

असेलच असे नाही, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात, कारण संकोचाने तपासणीच टाळली जाते. न दुखता ताजे रक्त पडणे किंवा कोंब बाहेर येणे ही मूळव्याध. शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखे आणि नंतर तासभर आग होणे ही बहुधा चीर, म्हणजे फिशर. जवळच फोड होऊन तो पुन्हा पुन्हा फुटणे आणि अंतर्वस्त्राला पू लागणे हे भगंदर. तिन्हींचे उपचार वेगवेगळे आहेत.

मूळव्याधीच्या पहिल्या दोन पायऱ्यांत चोथायुक्त आहार, इसबगोल, भरपूर पाणी आणि शौचकूपात मोबाईल घेऊन न बसणे यांवर बहुतेकांचे भागते. उरलेल्यांना बाह्यरुग्ण विभागातच रबरी वेटोळे बसवता येते. कोंब हाताने आत ढकलावा लागत असेल किंवा आत जातच नसेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. नवी चीर मलम, कोमट पाण्याचा शेक आणि मऊ शौच यांनी चार ते सहा आठवड्यांत भरून येते. भगंदर औषधाने जात नाही. त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि आयुर्वेदातले क्षारसूत्र, म्हणजे भगंदरात घालायचा औषधी दोरा, हेही आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ च्या अभ्यासात क्षारसूत्राने जखम भरायला शस्त्रक्रियेच्या दुप्पट वेळ लागला, पण भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण कमी आढळले. म्हणून प्रशिक्षित वैद्याकडून ते करून घेण्यास माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो न तपासता इंजेक्शन देऊन ‘एका दिवसात मुळापासून बरे’ करणाऱ्यांना.

वयाच्या पंचेचाळिशीनंतर प्रथमच रक्त पडू लागले, शौचाच्या सवयी बदलल्या किंवा वजन घटू लागले, तर मूळव्याध दिसत असली तरी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी.

लेझरने केले तर दुखत नाही, हे खरे का?

कमी दुखते, हे काही आजारांत खरे आहे. लेझर हे हत्यार आहे, उपचाराचे नाव नव्हे. चुकीच्या निदानावर लेझर वापरला तरी निदान चुकीचेच राहते.

इतर कोणत्या आजारांसाठी शल्यविशारदाकडे यावे?

कातडीखालची मऊ, हलणारी, न दुखणारी चरबीची गाठ नुसती पाहून ठेवली तरी चालते. अंडकोशात पाणी साठल्याने आलेली सूज घाईची नसते, मात्र तरुण मुलाचे अंडकोश एकाएकी दुखू लागले तर त्याला पीळ बसलेला असू शकतो आणि हातात जेमतेम सहा तास असतात. सातपूर-अंबडला यंत्रापुढे आठ-आठ तास उभे राहणाऱ्यांच्या पायांवर फुगलेल्या शिरा असतील, तर आधी डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी, तपासणी करावी. दाबाचे मोजे उपयोगी पडतात आणि गरज पडल्यास शीर आतून बंद करता येते. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढणे ही मात्र मोठी चूक आहे. न दुखणारी गाठच आधी तपासावी.

मधुमेह आणि रक्तदाब आहे. ऑपरेशन होईल का?

होते, पण साखर आधी आटोक्यात आणावी लागते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करू नये आणि ती चालू असल्याचे लपवूही नये. तंबाखू, विडी आणि मिश्री किमान चार आठवडे आधी सोडावी. स्त्रिया मिश्रीला व्यसनात धरत नाहीत, म्हणून ती नाव घेऊन विचारावी लागते.

उपाशी म्हणजे किती उपाशी? चहा चालतो का?

जेवण सहा ते आठ तास आधी थांबवावे, साधे पाणी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन तास आधीपर्यंत घेता येते. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, जेवणात मोडतो. सकाळी सातला ‘फक्त अर्धा कप’ घेतल्याने नऊची शस्त्रक्रिया दुपारवर गेल्याचे मी कितीदा पाहिले आहे. पोटात काही असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून चूक झाली असेल तर ती भूलतज्ज्ञांना सांगून टाकावी, कोणी रागावत नाही.

दुर्बिणीने सुरू करून पोट उघडले, म्हणजे डॉक्टर चुकले का?

नाही. सूज किंवा चिकटलेपणामुळे पित्तनलिका स्पष्ट दिसत नसेल, तर पोट उघडणे किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवणे हा सावधपणा असतो. पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका हजारात तीन ते पाच इतका सांगितला जातो. तो थोडा आहे, पण झाल्यास परिणाम गंभीर असतात. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ही शक्यता समजावून घ्यावी आणि संमतीपत्र मराठीत मागावे.

उन्हाळ्यात जखम भरत नाही, पावसाळ्यात चिघळते. मग कधी करावे?

ऋतूचा असा संबंध आता उरलेला नाही. कामाचा मात्र आहे. ज्या आजाराला घाई नाही त्याची तारीख शेताच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरवण्यात काही गैर नाही. दिंडोरीचे एक बागायतदार हर्नियाचा कागद घेऊन सप्टेंबरात आले आणि गोडी छाटणी तोंडावर असल्याने तारीख पुढे मागू लागले. त्यांचा हर्निया सहज आत जात होता, त्यामुळे थांबता आले. पण आषाढ-श्रावणात बागेचे काम त्या मानाने कमी असताना ते आले असते, तर ऑक्टोबरात निर्धास्तपणे बागेत उभे राहिले असते.

ऑपरेशन पोटाचे झाले, मग खांदा का दुखतो?

पोटात भरलेल्या वायूचा थोडा अंश छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली उरतो, त्या पडद्याचा मज्जातंतू मानेतून येतो, आणि मेंदूला ते दुखणे खांद्यातले वाटते. दोन-तीन दिवसांत चालण्याने ते जाते. पुष्कळ जण ते हृदयाचे समजून घाबरतात. मात्र छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर ताबडतोब सांगावे.

भात खाल्ल्याने पू होतो का?

होत नाही. भात, डाळ, वांगे, दही यांपैकी कशानेही टाक्यांत पू होत नाही. जखम भरायला प्रथिने लागतात, आणि नातेवाइकांच्या पथ्यामुळे आठ दिवस नुसत्या पेजेवर राहिलेल्या रुग्णाची जखम उलट उशिरा भरते.

खर्चाचे कसे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु प्रत्येक शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात बसतेच असे नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात; शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन दाखल होण्याआधी त्यांनाच भेटावे. जिल्हा शासकीय रुग्णालयाचा, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘सिव्हिल’चा, पर्यायही आहे. खासगीत करताना लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि जाळी किंवा स्टेपलर त्यात धरला आहे का, हे विचारावे, कारण बिलातला फरक बहुधा तिथेच निघतो.

घरी गेल्यावर कोणत्या लक्षणांसाठी लगेच परत यावे?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा जायला हवा. तिसऱ्या दिवशी दुखणे वाढले, पोट फुगले, ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले, उलट्या थांबेनात, जखमेतून पू किंवा पित्तासारखे हिरवे-पिवळे पाणी आले, अथवा एका पोटरीला सूज आली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. गावी लांब राहणाऱ्यांनी पहिले दोन-तीन दिवस शहरातल्या नातेवाइकांकडे थांबावे. ते जमत नसेल तर रुग्णालयाचा रात्रीचा क्रमांक घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये साठवून ठेवावा. वाहन मिळत नसेल तर १०८ वर रुग्णवाहिका मागवावी आणि निघताना सुटी मिळतानाचा कागद, म्हणजे डिस्चार्ज कार्ड, सोबत घ्यावे, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरांना नेमके काय केले आहे हे त्यावरूनच कळते.